विळीवर कापलेला केक

बीडमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी पोरांसाठी अभ्यासिका चालवते, आणि कोपऱ्यावरचा दादा त्याच पोरांसाठी वाढदिवस चालवतो. पोरगं एकोणिसाचं झालं की गाडीच्या बॉनेटवर केक, हातात तलवार, मोबाइलवर रील. पोराला वाटतं, मान मिळाला. रील मात्र दादाच्या मोबाइलमध्ये राहते आणि पोरगं त्याच्या मुठीत.

त्या संध्याकाळी पाळी होती गॅरेजवाल्याच्या मुलाची. पोलीस भरतीसाठी तो वर्षभर पहाटे धावत होता. तलवारीची रील पोलिसांनी पाहिली की गुन्हा, आणि गुन्हा लागला की भरती संपली.

मला उपदेश जमत नाही, नाटक जमतं. चौसाळ्याच्या बाजारातून आणलेली विळी उचलली, पदर खोचला आणि भर चौकात बॉनेटपुढे बसकण मारली.

"आणा रे केक खाली!"

गर्दी हसली. दादा हसला नाही. "काकू, कावून मधी पडायल्यात तुमी? तलवार हाय ना."

"हाय की. पण गंजलीय. पोराला धनुर्वात व्हायचा. माझ्या विळीला कालच धार लावलीय."

"लई झालं, काकू. उद्या अभ्यासिकेला टाळं लावीन."

"लाव बाबा. मजबूत आण, माझं बिघडलंय."

पुन्हा हशा. पण दादाने तलवार मुलापुढे धरलीच. "धर बे."

इथे माझं नाटक संपलं. मुलाने तलवार घेतली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दादा मोबाइल उघडेपर्यंत ती बॉनेटवर ठेवली आणि केक उचलून खाली आणला.

"सरका काकू. घरी कांदे मीच कापतो."

एक पाय दुमडून, दुसरा विळीच्या पाटावर रोवून बसला पठ्ठ्या! विळीचं बरं असतं, पातं जागेवरच राहतं, कुणावर उगारता येत नाही. केक दोन्ही हातांनी पात्यावर ढकलला, क्रीम कोपरापर्यंत. दादाचा मोबाइल खाली आला. असली रील ठेवून तो करणार काय?

पहिला तुकडा मुलाने दादापुढेच धरला. दादाने तोंड फिरवलं. मी खाल्ला.

पहाटे मुलगा मैदानावर होता. टाळं अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात दादाचा वाढदिवस आहे. बोलावणं नसलं तरी मी जाणार, विळी घेऊन.