बांगड्या ऐकवणारा ॲम्प्लिफायर

स्वल्पकाकांच्या घरी गेलं की आपल्याआधी ॲम्प्लिफायरची विचारपूस व्हायची. दार उघडून ते तोंडभर हसायचे, पण पाय वळायचे कोपऱ्यातल्या टेबलाकडे. खटका दाबायचा, व्हॉल्व्हच्या काचेत तांबूस उजेड धरेपर्यंत वाकून बघत राहायचं आणि मग आपल्याला सांगायचं, "स्वल्प थांबा. आत्ता उठलाय तो." स्वल्प म्हणजे थोडं. पण त्यांचं थोडं अर्ध्या तासाच्या आत कधी आटोपलं नाही. तेवढ्यात फिल्टर कॉफी व्हायची, मैसूरच्या पाण्याबद्दल आणि नव्या घरांबद्दल तक्रारी व्हायच्या, पण रेकॉर्डला हात लावायची कोणाची छाती नव्हती. थंड व्हॉल्व्हवर गाणं लावणं म्हणजे झोपेतल्या माणसाला उठवून गायला बसवणं, असं त्यांचं मत होतं. स्वल्पकाका हे नाव आम्ही दर रविवारी गाणं ऐकायला जमणाऱ्यांनी ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "बरं आहे की. माझ्या खऱ्या नावापेक्षा लहान आहे."

मी नाशिकहून नोकरीसाठी मैसूरला आलो आणि गावाच्या कडेला हूटगळ्ळीत घर घेतलं. नव्या गावात माणूस ओळखीचा आवाज शोधत हिंडतो. मला तो भंगारवाल्याच्या दुकानात सापडला. एक म्हातारे गृहस्थ जुना ट्रान्सफॉर्मर नाकाशी धरून डोळे मिटून उभे होते आणि स्वतःशीच मराठीत म्हणत होते, "जळला नाहीये गं बाई." मी "आपण मराठी?" असं विचारलं. ते म्हणाले, "हौदु, हो, आमच्या खूप पिढ्या इथंच. तुम्ही महाराष्ट्रातले, अल्वा, हो ना? बोलणं पुस्तकातल्यासारखं आहे म्हणून विचारलं." मग तो ट्रान्सफॉर्मर माझ्या नाकाला लावला. "वास घ्या. जळका येतोय? नाही ना? मग जगेल." पहिल्या भेटीत हुंगायला लावणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा 'नाशिकवाले' झालो.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने ॲम्प्लिफायर जमवायला घेतले. मोजके तीनच ठेवले, बाकीचे दुरुस्त करून लोकांना देऊन टाकले. तिघांनाही गावाची नाहीतर धंद्याची नावं होती. एक सिनेमावाला, बंद पडलेल्या थिएटरातून आलेला. एक कॉलेजवाला. आणि लाडका तो सोसल्याचा. सोसले गावात मठाजवळच्या एका घराच्या माळ्यावर तो नारळांच्या ढिगाखाली पडला होता. आणायला मी बरोबर होतो. काकांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याला गुंडाळलं आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. रस्ता असा की आमची हाडं खिळखिळी झाली, पण ते प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी त्याला उचलून धरत होते. समोरच्या बाईनं कन्नडमध्ये विचारलं, बाळ आजारी आहे का? काका गंभीरपणे म्हणाले, "हो. पण वाचेल."

प्रत्येक ॲम्प्लिफायरची परीक्षा ठरलेली होती. त्यांच्याकडे एका गायिकेची जुनी रेकॉर्ड होती. तानपुरे जुळलेले, आणि पहिला सूर लागायच्या जरा आधी बाईंचा हात हलतो व बांगड्या किणकिणतात. अगदी हलक्या. "गळा कोणीही ऐकवेल हो," काका म्हणायचे, "बांगड्या ऐकवल्या तर तो ॲम्प्लिफायर. नाही तर सुम्ने डबडं." सुम्ने म्हणजे उगाच, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या लेखी सुम्ने होत्या. त्या बांगड्या यायच्या वेळी घरात कोणी हलायचं नाही असा दंडक होता. यात खरी अडचण काकूंची. त्यांच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या भरगच्च. काकांनी सुई उचलली, की काकू असतील तिथे थांबायच्या आणि बांगड्या मनगटावरून वर सरकवून दुसऱ्या हातानं गच्च धरायच्या. एकदा विसरल्या, तर काका म्हणाले, "अगं, आवर! दोन बायका झाल्या." काकू ठसक्यात म्हणाल्या, "तिच्या ऐकायला स्पीकर आणता. माझ्या फुकट ऐकू येतात म्हणून किंमत नाही." आम्ही हसलो. काकाही हसले, पण रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

मग एका रविवारी सुई उतरली, तानपुरे झाले, सूर लागला आणि काका ताठ झाले. "बांगड्या गेल्या," म्हणाले. आम्हा सगळ्यांना त्या स्वच्छ ऐकू आल्या होत्या. तसं सांगितलं, तर ते रागावले. "सुम्ने मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. तुम्ही मिक्सरच्या आवाजात वाढलेली माणसं." सिनेमावाला लावला, कॉलेजवाला लावला. कुठेच बांगड्या नाहीत. कोणीतरी विचारलं, तिन्ही एकदम कसे बिघडतील? "वय झालं," काका म्हणाले. "तिघंही माझ्याच वयाचे आहेत." एवढं बोलूनही पुढचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. सगळं ध्यानात येणारा माणूस नेमका तिथेच अडला.

त्यांनी सोसल्याचा उघडला. कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, सुई नवी आणली, विजेच्या दाबाला शिव्या घातल्या. जेवायला हाक मारली तरी उठेनात. अशाच एका सकाळी मी गेलो, तेव्हा ते तारा जोडत होते आणि रेकॉर्ड चालू होती. काकू कॉफी घेऊन त्यांच्या पाठीमागे आल्या. बांगड्या वर सरकवलेल्या नव्हत्या. मुद्दाम हात हलवला त्यांनी, चांगला खळखळून. काकांनी मान वळवली नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि नको अशी मान हलवली. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "मला कधीच कळलंय. पण कान गेले म्हणून सांगितलं तर हे बसतील कुठं? ॲम्प्लिफायर बिघडला म्हणतात तोवर हाताला काम आहे. स्वल्प दिवस राहू दे असंच."

शेवटी काकांनी सोसल्याच्या पोटातली मांडणीच बदलली. बारीक आवाज तेवढे वर खेचले, आणखी खेचले, आणि एका रविवारी आम्हाला निरोप आला. "बंद्रू! आल्या बांगड्या!" जाऊन बघतो तर मैसूरपाकाचं ताट तयार. रेकॉर्ड लागली. सुईची खरखर तव्यावर पाणी पडल्यासारखी अंगावर आली, प्रत्येक 'स' कानात टोचला आणि बांगड्या वाजल्या त्या मोरीत भांडी पडल्यासारख्या. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही चांगलं आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढच्या रविवारी दोघे आले नाहीत. नंतर एकेक जण गळत गेला. कोणाचं डोकं दुखायचं, कोणाच्या घरी पाहुणे असायचे.

कानांचं त्यांना कळलं, ते कोणी न सांगता. त्या दिवशी मी एकटाच होतो. सगळं बंद होतं, घरात शांतता. काकूंनी कॉफीचा पेला समोर ठेवला आणि काका त्यांच्या हाताकडे बघतच राहिले. बांगड्या पेल्यावर आपटत होत्या. "परत हलव," ते म्हणाले. काकूंनी हात हलवला. "अजून." काकूंनी हलवला, त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मला वाटलं आता काका स्वतःबद्दल काही बोलतील. ते उठले, सोसल्याच्या लोखंडी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे हा नीटच होता. बिचाऱ्याला सुम्ने कापलं मी."

मी म्हटलं, परत पहिल्यासारखा करा. "कानानं करतात हो ते, नाशिकवाले. कान कुठं आहे?" मग हळूच म्हणाले, "आणि केला तर मला परत ऐकू येणार नाही." त्यानंतर सोसल्याचा त्यांनी फक्त एकट्यापुरता ठेवला. माणसं यावीत म्हणून रविवारी सिनेमावाला लावायला लागले. जुनी मंडळी परतली, कॉफी झाली, 'स्वल्प थांबा' झालं. पण रेकॉर्ड लागली की काका स्पीकरकडे बघायचे नाहीत, आमच्या तोंडाकडे बघायचे. बांगड्या यायच्या, आमच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं आणि ते विचारायचे, "आलं?" आम्ही माना डोलवायचो. यजमानानं उपाशी राहून पंगत वाढावी, तसं ते होतं. मला ते बघवायचं नाही, पण एक रविवार चुकवला नाही.

गेल्या श्रावणात काका गेले. सोसल्याचा त्या रेकॉर्डसकट मला द्यायचा असं सांगून ठेवलं होतं, सोबत निरोप, "सुधारून घ्या. चांगला जीव आहे." बेंगळूरचा एक जाणकार म्हणाला, सोपं काम आहे, आणून टाका. मी नेला नाही. रविवारी तो तापवतो, रेकॉर्ड लावतो, बायको आतलं दार लोटून घेते. तो आवाज वाईट आहे, याबद्दल वाद नाही. पण काका आमच्यापासून किती लांब गेले होते आणि तिथून ऐकायला त्यांना किती जोर लावावा लागत होता, ते मला त्याच आवाजात कळतं. तो सुधारला की तेही जाईल.

परवा काकू आल्या होत्या. "त्यांचा लावा की," म्हणाल्या. मी खटका दाबला आणि आम्ही दोघं थांबलो. पुरेसा तापल्यावर मी सुई उचलली. काकूंचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला, बांगड्या वर सरकवायला. हातात आता एकेक सोन्याची होती, सुटी, न वाजणारी. हात तसाच मनगटावर धरून त्या म्हणाल्या, "लावा. मध्ये आवाज करणारं आता कोणी नाही."