ऑर्फा टेस्केच्या खिडकीचा पडदा

लाइल ग्रुनवाल्ड पन्नाशीपर्यंत चर्चकडे फिरकला नव्हता. तोच आता दर रविवारी टाय लावून हजर राहू लागला, तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या त्या एवढ्याशा गावाने काय ते ओळखले. एका शुक्रवारी तळलेले मासे खायला गेला, ब्रँडीचे ग्लास जरा जास्त झाले आणि परतताना पोलिसाने लायसन्स काढून घेतले. पुढे कोर्टाने ते अर्धेमुर्धे परत दिले. कारखाना, डॉक्टर, वाणसामान आणि रविवारी नऊनंतर चर्च, एवढ्यापुरतीच गाडी. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा प्रवचन बरे, असे त्याने ठरवले.

जुन्या विमा कंपनीने त्याला झुरळासारखे झटकले. नवी मिळाली ती दुप्पट हप्त्याची. तिथल्या एजंट मार्वने त्याला समोर बसवून सगळे समजावले.

"कंपनीने तुझ्यासाठी सरकारला हमी लिहून दिलीय, लाइल. वेळेबाहेर सापडलास की विमा बंद. विमा बंद की लायसन्स बंद."

"आणि मग चीजच्या कारखान्यात मी काय उडत जाऊ?"

"म्हणून तर सांगतोय. हे ॲप मोबाइलमध्ये घे. गाडी नीट चालवलीस की हप्ता थोडा उतरेल."

"म्हणजे माझ्याच खिशात तुमचा हेर."

"नको तर नको बाबा."

लाइल घरी गेला आणि मोबाइल बंद करून चमच्यांच्या खणात टाकला.

संशयाचे भूत एकदा मानगुटीवर बसले की उतरता उतरत नाही. लाइलला मार्वचा संशय येई, "कसं चाललंय?" म्हणणाऱ्या पाद्रीबुवांचा येई, आणि सगळ्यात जास्त समोरच्या म्हाताऱ्या ऑर्फा टेस्केचा. त्याने गाडीची चावी फिरवली रे फिरवली की तिच्या खिडकीचा पडदा हलायचा. संध्याकाळी परतला की पुन्हा हलायचा.

"म्हातारी विमा कंपनीची माणूस आहे," तो कारखान्यात सांगे.

"पगार किती देतात विचार, मी पण अर्ज करतो," सोबतचे हसत.

एकदा ऑर्फाने केक आणून दिला. गाडी सुरू करण्याआधी लाइलला कोर्टाने बसवलेल्या यंत्रात फुंकर मारावी लागे, आणि दारूचा वास आला की ते थेट चुगली करी. केकमध्ये रम असणार, डाव आहे, असे मनाशी म्हणत त्याने तो कचऱ्यात टाकला. तेव्हापासून तिला नमस्कार करणेही सोडले.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी स्वयंपाकघरातल्या घड्याळात नऊ वाजून गेले, तसा लाइल निघाला. यंत्रात फुंकले, हिरवा दिवा लागला, गाडी मागे घेतली. आरशात पाहतो तर फाटकाच्या तोंडाशी ऑर्फा, झोपायच्या झग्यात, दोन्ही हात वर करून उभी.

"बाजूला व्हा, ऑर्फा. चर्चला निघालोय. कागद आहे माझ्याकडे."

"कागदावर नऊ आहे ना? आत्ता आठ वाजलेत."

"माझं घड्याळ नऊ सांगतंय."

"तुझं घड्याळ उन्हाळ्यातच राहिलंय. आज थंडीची वेळ लागली, दर नोव्हेंबरासारखे सगळ्यांनी काटे तासभर मागे घेतले. मोबाइल बघत नाहीस का रे? त्यात वेळ आपोआप बदलते. आणि तिकडे कोपऱ्यावर बघ कोण उभा आहे."

कोपऱ्यावर पोलिसाची गाडी होती. लाइलने आपली गाडी निमूटपणे पुढे घेऊन बंद केली. नोकरी जाता जाता फाटकातूनच परत फिरली होती.

"माझ्या वेळा तुम्हाला कशा ठाऊक?" संशय अजून गेला नव्हताच.

"एवढ्याशा गावात काय लपून राहतं? माझ्या पोराला, हॅरोल्डलाही असलंच लायसन्स होतं. एक दिवस वेळेआधी निघाला. मी भांडी घासत होते, बघितलंच नाही. विमा गेला, काम गेलं, मग पोरगाही गेला अलास्काला. आता फोनसुद्धा करत नाही." तिने झगा घट्ट आवळला. "म्हणून तुझ्यावर नजर ठेवते. राग आला तर येऊ दे."

लाइल गाडीतून उतरला.

"तो केक," तो म्हणाला, "त्यात काय घातलं होतं?"

"सफरचंदं. का, आवडला नाही?"

"आवडला," लाइल म्हणाला आणि मान खाली घातली.

"मग चल, कॉफी पी. आणि नऊ वाजले की मलाही गाडीत घे. चालत जाऊन गुडघे मोडलेत माझे."

दर रविवारी चर्चच्या रस्त्याने ती कडेकडेने चालत असायची. दर रविवारी तो काच वर करून तिच्या शेजारून गाडी नेत असे.