गोठ्यातला पेला

आसेगावात मी नवी सून म्हणून आले, तेव्हा शेजारी एक आजी राहायची. तरुणपणी नवऱ्याबरोबर बोटीने ब्रह्मदेशात गेलेली, आणि तिकडे लढाई पेटल्यावर म्हातारपणी जंगल तुडवत परत आलेली. "नदी आली का पदर खोचाचा, अन् मंग चालाचं," एवढ्यात ती सगळा प्रवास सांगून टाकायची.

तिने समुद्र ओलांडला, कोणाच्याही हातचं खाल्लं, म्हणून सासूबाईंनी तिचा पितळी पेला वेगळा ठेवला होता, गोठ्यातल्या कोनाड्यात. आली की ती स्वतःच तो घेऊन यायची. मी वरून पाणी ओतायचे. पिऊन झालं की राखेने घासून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची. एकदा पेल्याकडे पाहून हसली. "जंगलात एका डबड्यातून आमी वीस जनं पानी पेलो वं. कोन कोनाचा, कोनाले ठाव?"

मी हसले नाही. सासूबाई आत होत्या.

उन्हाळ्यात एका दुपारी ती आमच्या ओसरीवर आली आणि खांबाला धरून खालीच बसली. "पोरी, पानी दे वं. लवकर दे."

घरात मी एकटीच होते. हातात भरलेला तांब्या होता. तो मी तिच्याजवळ ठेवला आणि तिचा पेला आणायला गोठ्याकडे धावले.

परत आले तेव्हा तिची मान खांबाला टेकली होती, डोळे उघडेच होते. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिनेही त्याला हात लावला नव्हता.