ही माझी चूक, हाताची नाही

क्रेनकाका बसून चहा प्यायलेले मला आठवत नाहीत. गॅलरीत येरझारा घालत, कप हिंदकळवत ते चहा संपवायचे. चिंचणीचा माणूस. तारापूरच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं क्रेन चालवली, म्हणून आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्यांचे क्रेनकाका. "बसा ना," म्हटलं की म्हणायचे, "केबिनमदी बसलो तेवढं पुरे झालं, पोरी."

बुद्धिबळही ते उभ्यानंच खेळत. जोडीदार एकच, शेजारच्या मुरबे गावचे जनूभाऊ. जनूभाऊ लेकीकडे वापीला राहायला गेले, तेव्हा काकांच्या मुलानं टॅब आणून दिला आणि डाव त्यावर सुरू झाले. पण काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बोट भलतीकडेच टेकायचं आणि वजीर नको त्या घरात जाऊन पडायचा. जनूभाऊ फोनवर म्हणत, "चाल मागं घे रे." काका उसळत. "हात लागला, चाल झाली! तुजी मेहेरबानी नको."

हरून हरून वैतागले आणि एका सकाळी टॅब घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "ठेव हा तुज्याकडं. आमी आता खेळत नाय."

माझ्याकडे एक बिनवायरचा माउस पडून होता. मी टॅबचं ब्लूटूथ चालू केलं, माउसच्या पोटाखालचं बटण दाबून धरलं. काका दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होते. "झालं? अजून नाय?"

स्क्रीनवर बाण उमटला. काकांनी माउस धरला मात्र, बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळाला. "हे तर माज्यापेक्षा उतावळं हाय!"

सेटिंगमध्ये जाऊन मी बाणाचा वेग अगदी कमी केला. "बाण घरावर आला की मगच बटण दाबा. तोवर काही हलत नाही."

उजव्या हातावर डावा दाबून त्यांनी माउस सरकवला. थरथर होतीच, पण बाण वजिराच्या घराबाहेर गेला नाही. बटण दाबलं. मग हवं ते घर, पुन्हा बटण. वजीर नेमका तिथं गेला. काकांनी लगेच फोन लावला. "जनू, आता ये!"

त्यानंतर ते जिंकले, हरलेही. हरले की दारातूनच ऐकवायचे, "ही माजी चूक, हाताची नाय!"

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जनूभाऊंना मीच कळवलं.

"चाल माजी हाय," ते म्हणाले. "सकाळपासून विचार करतोय. पार कोंडलंय त्यानं मला."