शिळी सुरमई

प्रितेशला मी एकवीस वर्षं ओळखतो. एवढा हुशार आणि एवढा हेकट माणूस अख्ख्या लोअर परळमध्ये दुसरा नसेल. जुन्या मिलच्या आवारात आमचा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा गाळा आहे. आवाजाचं मी बघतो, कापाकापी आणि रंग त्याच्याकडे. वरळी कोळीवाड्यातला असून गडी कधी होडीवर गेला नाही, पण मासा पारखणारी नजर घरचीच. त्याची आई राधाबाई चाळीस वर्षं मासे विकतेय.

गेल्या महिन्यात त्या नजरेवरच बालंट आलं. मासे विकणाऱ्या बायकांवरची आमची फिल्म चॅनेलने दोनदा परत पाठवली. शेरा एकच, ‘रंग बिघडलेत.’ आमच्या मॉनिटरवर तर सगळं झकास! प्रितेशने चष्मा बदलला, डोळ्यांचे डॉक्टर गाठले. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. याला पटेना.

“रघू, डोळे गेले रे माझे. तिसऱ्यांदा परत आली तर हे काम सोडतो मी.”

मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

“डोळे नाही रे बाबा, वायर तपास!”

कॉम्प्युटरमधून थेट मॉनिटरला जोडलेल्या वायरचा भरवसा नाही. कॉम्प्युटर मध्येच आपली अक्कल पाजळतो आणि रंग स्वतःच्या मर्जीने बदलून दाखवतो. त्यासाठी एक छोटा बॉक्स मिळतो. तो मध्ये लावला की फिल्ममधलं चित्र जसंच्या तसं मॉनिटरवर येतं. पण ऐकेल तो प्रितेश कसला! त्याला भिंतीएवढा नवा मॉनिटर हवा होता. अरे, मॉनिटर कितीही मोठा घे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी मीच वैतागून एकाकडून एका दिवसासाठी तो बॉक्स मागून आणला.

त्या दुपारी राधाबाई लेकाचं जेवण घेऊन आल्या. त्यांनी फिल्म अजून पाहिली नव्हती. मी म्हटलं, “मावशी, बसा जरा. मासा बघून सांगा.”

आधी जुन्या वायरवर लावलं. पडद्यावर एका हाताने सुरमईचा कल्ला उघडला, आतून लालभडक.

“ताजी हाय. सकालचीच,” राधाबाई म्हणाल्या.

मग मी बॉक्स जोडला. तीच फिल्म, तीच सुरमई. राधाबाईंनी नाक मुरडलं.

“ही शिळी. दोन दिस बर्फात पडलीय. कोन भवानी विकते ही?”

प्रितेश खुर्चीतून ताडकन उठला. “रघू, मला पण दिसतंय! कल्ला तपकिरी दिसतोय! चॅनेलला हेच दिसत होतं!” त्याने आईला मिठीच मारली. “शिळी आहे गं आई, शिळी!”

सुरमई शिळी निघाली म्हणून नाचणारा कोळी मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात कॅमेरा हातावरून वर सरकला आणि विकणारीचा चेहरा दिसला. राधाबाई बघतच राहिल्या.

“आगो बाय! ही मीच की!”

मग प्रितेशच्या पाठीत सणसणीत धपाटा बसला.

“माझं म्हावरं? मेल्या, चाळीस वर्सांत कुनी बोट नाय ठेवलं, आणि तू साऱ्या मुंबईला शिळं दाखवत होतास?”

प्रितेश रंग दुरुस्त करायला बसला. नव्या मॉनिटरचं नावही त्याने काढलं नाही. आई त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून उभी.

“अजून लाल... एवढं नको, रंग फासल्यावानी दिसते... हां, थांब.”

तो थांबला. राधाबाई पडद्याजवळ वाकल्या, कल्ला नीट पाहिला आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता विक.”