रिसालीत सातबारा

"चक्का मत चढ़ाव भैया! भाजी हाये तिथं, दिसत नाही का?"

कांतावहिनी हिंदीत सुरू होऊन मराठीत भडकली होती. मी नागपूरहून आलो होतो, माझा एक पाय अजून ऑटोतच होता. दुर्ग स्टेशनपासून रिसालीपर्यंत ऑटोवाल्याने इतके हादरवले, की माझी दोन-तीन हाडे मोहन नगरातच सांडली असावीत.

समोर बुलडोझर, शेजारी अतिक्रमण हटवणारे साहेब, आणि चाकापासून हातभर अंतरावर वहिनीची बाडी (परसातला भाजीचा तुकडा). नामदेवदादा, माझा चुलतभाऊ, कारखान्यात ठेक्यावर होता. ठेका संपला, पुन्हा काम लागले नाही. रेशनचा तांदूळ मिळतो. त्याच्यासोबत ताटात जे पडायचे, ते क्वार्टरमागच्या याच पडीक जागेतून. एक दुधी तर इतका लांब, की त्याच्या एका टोकाला ऊन होते आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळ.

निम्मी भाजी वहिनीबरोबर इथे राबणाऱ्या दुकलहीनबाईची. दुष्काळात जन्मली, म्हणून हे नाव. कुदळीवर रेलून ती म्हणाली, "ए मोर ददा के खेत रिहिस, साहेब." (हे माझ्या बापाचं शेत होतं.) कारखान्यासाठी गेले ते. बोलण्यात राग नव्हता; सांगून सांगून झिजला असावा.

"कागज है?" साहेबांनी विचारले.

तिच्याकडे कागद नव्हता. माझ्याकडे जीभ होती.

"पहले सातबारा दिखाओ!" मी गरजलो. "बिना नाप के हाथ लगाया, तो बात नागपूर तक जाएगी!"

छत्तीसगडात सातबारा नसतो, खसरा असतो, हे मला कुठे ठाऊक! पण साहेबांनाही सातबारा ठाऊक नव्हता, आणि न पाहिलेल्या कागदाचा धाक मोठा. "ठीक है, नाप के बाद देखेंगे," म्हणत त्यांनी गाडी वळवली.

त्या दुपारी बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) आणि लाल भाजी जेवलो. मी विजयी वीर. दादा मात्र भातातले पाणी ढवळत बसला होता.

"तू लय जोरात ओरडला गा," तो म्हणाला. "पण मोजाले कावून सांगतलं? आतापर्यंत कोणाच्या कागदावर तरी नव्हती हे जागा."

मी हसण्यावारी नेले. नागपूरला परतल्यावर गोष्ट सांगत सुटलो. सांगता सांगता बुलडोझर पाच झाले, साहेब माझ्या पाया पडले. पण पाचवा बुलडोझर पळवून लावताना दादाचा तो प्रश्न आठवे, आणि थकल्यासारखे होई. महिन्याने शेवटी फोन केला.

"वहिनी, बाडी कशी आहे?"

"मोजली ना, भाऊजी. तुमी सांगतलं तशीच. आता कारखान्याचं तारेचं कुंपण हाये."