जिंकलेले अकराजण

काल पनवेलच्या चहाच्या टपरीवर काही तरुण त्यांच्या आवडत्या फुटबॉल क्लबने लीग जिंकल्याबद्दल बोलत होते. पुढच्या सामन्यात कोणाला घ्यावं, यावर वाद रंगला होता. एकाच्या गुडघ्यावरच्या मलमाचा उग्र वास आला आणि मला आमच्या गव्हाण गावातलं देऊळ आठवलं.

माझ्या तरुणपणी एकदा आमच्या गावाने फुटबॉलची लीग जिंकली होती आणि जिल्ह्याच्या सामन्यासाठी संघ ठरत होता. यादी देवीपुढे ठेवायची रीत होती. जिंकलेला संघ बदलणं अपशकुन मानत. गावातला पहिला पदवीधर म्हणून सगळे मला मास्तर म्हणत आणि नावं लिहायचा मानही मलाच मिळाला होता.

बचावफळीतला दामूदादा माझ्या कानाशी आला. त्याच्या गुडघ्याला तोच वास होता.

"माजा नाव नको लिवू रे. गुडगा आतून वाजतो."

मी ते मोठ्याने सांगितलं. संघ सांभाळणारे नाना हसले.

"नवी नवरी हायस काय रं दामू? जिकलेली टीम मोडाची नाय! लिव, मास्तर."

सगळे हसले. दामूदादाही हसला, पण त्याचा हात गुडघ्यावरून हलला नाही.

त्या सामन्यानंतर तो कधीच धावला नाही. देवळातल्या त्या संध्याकाळी मात्र नानांच्या शाबासकीच्या आशेने मी त्याचं नाव सगळ्यांत सुबक लिहिलं.